पोराला येतं काय? तंत्रशिक्षणाचा हिशेब आता गावाने मागावा

दहावीचा निकाल लागला की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर एकच विषय निघतो. पोराला घालायचं कुठं? पोरीला पुढं शिकवायचं का? कुणी म्हणतं, आयटीआय बरी, दोन वर्षांत हाताला काम लागतं. कुणी म्हणतं, डिप्लोमा कर, लोक इंजिनिअर म्हणतील. बाप भातशेतीचा धनी असो, चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारा असो की दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरणारा असो, पोटाला चिमटा काढून तो फी भरतो, एसटीचा पास काढून देतो. दोन-तीन वर्षांनी पोरगा गुणपत्रिका घेऊन घरी येतो. ‘पास झाला’ एवढे घरात कळते. पेढे वाटले जातात.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर बंद पडते. शेजारचा काका हाक मारतो, “अरे, तू इलेक्ट्रिशियनचं शिकलास ना? बघ जरा.” पोरगा मोटरीपुढे उभा राहतो. मोटर म्हणजे काय, याची व्याख्या त्याला पाठ असते. पण तीनपैकी एक फेज गेला की मोटर उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळते, आणि म्हणूनच स्टार्टरबरोबर फेज गेल्यावर मोटर बंद करणारे यंत्र लागते, हे त्याने कधी हाताने तपासून पाहिलेले नसते. काका रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. पोरगा खाली मान घालून घरी येतो. उद्या तोच पोरगा कंपनीच्या दारात उभा राहतो, तेव्हाही प्रश्न तोच असतो. तुला येतं काय?

यात सगळा दोष पोराचा नाही आणि सगळा मास्तरांचाही नाही. पण एक गोष्ट गावाला फारशी ठाऊक नाही. अलीकडच्या काही वर्षांत आयटीआय आणि डिप्लोमाच्या अभ्यासक्रमांत, कोर्स संपल्यावर मुलाला नेमके काय करता आले पाहिजे, हे कलमवार लिहिलेले आहे. हा कागद गुप्त नाही. संस्थेत मागितला तर बघायला मिळतो. तो कागद वाचून त्याचा हिशेब मागण्याची सवय आपल्या पालकांना, सरपंचांना आणि शाळा समित्यांना लागली, तर डहाणू-तलासरीच्या मुलांचा मोठा फायदा होईल. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

निष्पत्ती म्हणजे काय?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द २०१७ पासून चांगला परिचयाचा आहे. शब्द जड वाटला तरी अर्थ शेतकऱ्याला सोपा आहे. बियाणे किती पेरले, खत किती टाकले, लावणी कधी केली, हा झाला अभ्यासक्रम. खळ्यावर भात किती आले, ही झाली निष्पत्ती. पूर्वी शिक्षणखाते फक्त पेरणीचा हिशेब ठेवत असे. इतके तास शिकवले, इतकी प्रकरणे संपवली, इतके पेपर झाले. आता मुलाच्या हातात आणि डोक्यात काय उतरले, याचा हिशेब ठेवायचा आहे.

एक उदाहरण घेऊ. जुन्या धाटणीच्या पेपरात प्रश्न येई, ‘अर्थिंगचे प्रकार लिहा.’ मुलगा चार प्रकार लिहून गुण मिळवी. निष्पत्तीच्या भाषेत हेच असे लिहिले जाते की, विद्यार्थी अर्थिंग तयार करील, त्याचा रोध यंत्राने मोजील आणि ते सुरक्षित आहे की नाही हे सांगेल. पहिल्यात ‘माहीत असणे’ आहे, दुसऱ्यात ‘करून दाखवणे’ आहे. पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावून झटका बसलेल्या माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

याच्याच जोडीला ‘उद्दिष्ट’ असा दुसरा शब्द येतो. दोन्हींत गल्लत करू नये. संस्थेतून बाहेर पडून तीन ते पाच वर्षे झाल्यावर आपला विद्यार्थी कुठे पोचलेला असावा, हे उद्दिष्ट. संस्था सोडण्याच्या दिवशी त्याला काय येत असावे, ही निष्पत्ती. उद्दिष्ट लांबचे असते. निष्पत्ती त्या त्या वर्षीच तपासता येते.

हे वारे आले कुठून, तेही थोडक्यात सांगतो. एका देशात शिकलेल्या इंजिनिअरची पदवी दुसऱ्या देशाने मानावी, यासाठी १९८९ साली वॉशिंग्टन करार झाला. इंजिनिअर आणि तंत्रज्ञ यांच्या मधल्या पातळीवरच्या, म्हणजे प्रत्यक्ष तंत्र राबवणाऱ्या अभियंत्यांसाठी २००१ साली सिडनी करार झाला आणि तंत्रज्ञांसाठी २००२ साली डब्लिन करार झाला. या तिन्ही करारांचा पाया एकच आहे. किती शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय येते, हे बघा. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि त्यानंतर आपल्याकडच्या अभ्यासक्रमांची भाषाच बदलली. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमासाठी २०१७ साली ‘आय’ योजना आणली. तीत प्रत्येक विषयाच्या आणि प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या निष्पत्ती लिहिल्या. २०२३ पासून ‘के’ योजना आली. आयटीआयच्या अभ्यासक्रमातही प्रत्येक ट्रेडखाली काय यावे आणि ते कसे तपासावे, याची यादी असते.

सात कलमे, आपल्या भाषेत

डिप्लोमा पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडून, शाखा कोणतीही असो, सात गोष्टींची अपेक्षा राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने ठरवली आहे. कागदावर त्या इंग्रजीत आणि बऱ्याच अवघड आहेत. आपल्या शिवारातली उदाहरणे घेऊन त्या अशा सांगता येतील.

पहिली, आपल्या शाखेचे पायाभूत ज्ञान. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट आणि ती तासभर चालली की चारेक युनिट वीज जाते, एवढा हिशेब विद्युत शाखेच्या मुलाला तोंडी आला पाहिजे.

दुसरी, प्रश्नाची चिकित्सा. नळाला पाणी येत नाही, तर विहीर आटली, पंप कमी पडला, पाइप फुटला की वरच्या पाड्याने व्हॉल्व्ह फिरवला, हे एकेक कारण तपासून शोधणे.

तिसरी, तोडगा आखणे. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. गावची वस्ती १२०० असेल तर रोजचे पाणी ६६,००० लिटर झाले. निम्म्या दिवसाची साठवण धरली तर ३३,००० लिटरची टाकी हवी. हे गणित सिव्हिलच्या मुलाने ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवावे.

चौथी, साधने वापरणे आणि चाचणी घेणे. ओळंबा, पाणसळ, टेप, लेव्हलचे यंत्र, मल्टिमीटर ही कपाटात ठेवायची वस्तू नाही. ती मुलाच्या हातात खेळली पाहिजे.

पाचवी, समाज आणि पर्यावरण यांचे भान. याचे सर्वांत मोठे उदाहरण डहाणूतच आहे. ते पुढे येईलच.

सहावी, कामाची आखणी, हिशेब आणि मिळून काम करणे. माल कधी मागवायचा, मजूर किती लावायचे, गवंड्याशी आणि मुकादमाशी कसे बोलायचे, झालेले काम कागदावर कसे मांडायचे.

सातवी, जन्मभर शिकत राहणे. आज सौर पंप आले. उद्या आणखी काही येईल. नवीन यंत्र आले म्हणून घाबरून मागे सरणारा माणूस तंत्रज्ञ नव्हे.

याशिवाय मंडळाच्या अभ्यासक्रमात सुरक्षिततेचे नियम पाळणे, कामाची जागा स्वच्छ ठेवणे, हत्यारांची निगा राखणे आणि सचोटीने वागणे, याही गोष्टी निष्पत्ती म्हणून लिहिलेल्या आहेत. प्रात्यक्षिकाला गुण देताना काम कोणत्या पद्धतीने केले याला वेगळे आणि तयार काय झाले याला वेगळे गुण असतात. म्हणजे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून ‘जर्नल’ पूर्ण केले की झाले, असा कारभार या पद्धतीत बसत नाही. तो अजून चालत असेल, तर तो नियमाला सोडून आहे.

भूकंपाने घेतलेला पेपर

या सात कलमांचा कस लागावा असा पेपर डहाणू-तलासरीने अलीकडेच दिला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, दापचरी या पट्ट्यात जमीन हादरू लागली. बहुतेक धक्के लहान होते. पण ते थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले आणि त्यातला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. धावपळीत हळदपाड्याच्या एका चिमुरडीचा जीव गेला. भिंतींना तडे गेले. थंडीत माणसे घराबाहेर झोपली. शास्त्रज्ञांनी उपकरणे बसवली. एकाच टापूत लहान लहान धक्क्यांची अशी रांग लागते तिला भूकंपांचा थवा म्हणतात, हे त्यांनी समजावले.

त्या काळात घराघरातून विचारला गेलेला प्रश्न साधा होता. “हे घर उभं राहील का? आत झोपायचं का?” याचे उत्तर द्यायला मुंबईहून मोठे प्राध्यापक यावेत, हे ठीकच. पण पाडे शेकडो आणि घरे हजारो. प्रत्येक घरी प्राध्यापक कसा पोचणार? तिथे पोचू शकतो तो याच भागातला, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला मुलगा किंवा मुलगी. त्यांना काय यायला हवे होते?

पहिले म्हणजे तडा वाचता यायला हवा. नुसता गिलावा तडकला आहे की भिंत आरपार फाटली आहे? तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा गेला आहे की दोन भिंतींच्या सांध्यात उभा उघडला आहे? सांधा सुटला असेल तर भिंत बाहेर कोसळण्याची भीती जास्त. दुसरे म्हणजे घराची जात ओळखता यायला हवी. आपली जुनी कुडाची घरे, लाकडी खांबांवर उभी आणि कारवी-बांबूच्या भिंतींना शेणमातीने लिंपलेली, वजनाला हलकी असतात. हादऱ्यात ती हलतात, पण सहसा माणसावर ढासळत नाहीत. उलट विटांच्या किंवा दगडांच्या जड भिंती, त्यांना कोपऱ्यात बांधून ठेवणारे काहीच नाही आणि वर जड छप्पर, हे घर धोक्याचे. म्हणजे कुडाचे घर ‘मागासलेले’ आणि विटांचे घर ‘पक्के’ अशी जी आपली समजूत आहे, ती भूकंपाच्या वेळी तपासूनच घ्यावी लागते.

तिसरे म्हणजे नवे घर बांधताना काय करावे, हे गवंड्याला दाखवता यायला हवे. भारतीय मानक ब्यूरोची यासाठी जुनीच मार्गदर्शक मानके आहेत. त्यांचा गाभा असा की, घर पेटीसारखे बांधलेले असावे. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराच्या पातळीवर सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींतून फिरवावा. हा पट्टा कुठेही तुटू नये. किमान ७५ मिलिमीटर जाडीचा पट्टाही लहान घराला मोठा आधार देतो. कोपऱ्यात उभ्या सळ्या घ्याव्यात. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून काढू नये. काँक्रीटमध्ये पाणी जास्त ओतू नये, नाहीतर ताकद घटते. आणि नंतर किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, त्याला पाणी मारावे. घरकुलाच्या मर्यादित रकमेत सगळेच बसेल असे नाही. पण दारावरचा पट्टा सलग फिरवायला आणि वेळच्या वेळी पाणी मारायला फार मोठा खर्च येत नाही. तिथे माहितीची आणि देखरेखीची गरज जास्त असते.

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांच्याखाली झोपेतच माणसे गाडली गेली. तीव्रता एक अंकाने वाढली की भूकंपाची ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. त्या हिशेबाने किल्लारीचा धक्का आपल्याकडच्या ४.१ च्या धक्क्यापेक्षा हजारपटींहून अधिक मोठा होता. आपल्याकडे तसेच होईल, असे म्हणण्याचा हेतू नाही. पण लातूर-उस्मानाबादकडे नंतर गवंड्यांना मुद्दाम शिकवावे लागले, ती गोष्ट आधीच शिकवलेली असणे केव्हाही चांगले. तडा वाचणे ही निष्पत्ती डहाणू-तलासरीच्या सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपण मागितलीच पाहिजे.

पाचवे कलम आणि डहाणूचे वीजकेंद्र

आता पर्यावरणाच्या कलमाकडे वळू. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला. तिथेच ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. कोळशाच्या धुरातल्या गंधकवायूने वाड्यांचे नुकसान होईल, ही बागायतदारांची आणि पर्यावरणवाद्यांची चिंता होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने पाठपुरावा केला आणि अखेर २००७ साली त्या केंद्रावर धुरातला गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसली.

ही यंत्रणा सरकारी कागदाने चालत नाही. पंप, पाइप, व्हॉल्व्ह, मोजमापाची उपकरणे सांभाळणारी माणसे लागतात. गंज कुठे चढला, पंपाचा आवाज का बदलला, धुरातले प्रमाण किती आले, हे रोज बघणारा तंत्रज्ञच शेवटी चिकूचे झाड राखतो. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूचे आणि यंत्राचे नाते ज्याला कळते, त्या विद्यार्थ्याचे पाचवे कलम पक्के झाले असे समजावे.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

‘करून शिका’ ही गोष्ट परदेशी करारांनी आपल्याला शिकवली, असे मात्र कुणी समजू नये. ती याच तालुक्यात फार पूर्वी रुजली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधने नाहीत, तर शंखशिंपले, बिया, पाने यांतून मोजणे शिकवले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचे सूत्र असे की, मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची आणि त्याला आता काय करता येते, ते डोळ्यांनी बघायचे. निष्पत्तीचा अर्थ याहून वेगळा नाही.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या मुलांनी वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य या चारही क्षेत्रांतले खरे काम करायचे, आणि ते गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे, अशी त्यांची पद्धत. वेल्डिंग शिकायचे तर खराच दरवाजा करायचा आणि तो गावात कुणाच्या तरी घराला बसवायचा. दरवाजा नीट लागला नाही तर घरमालकच सांगतो. त्याहून चोख परीक्षक कुठे मिळणार?

दाराशी आलेली कामे

हे सगळे आताच का बोलायचे? कारण पालघर जिल्ह्यात एवढी मोठी बांधकामे एकाच वेळी पूर्वी कधी आली नव्हती. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे खांब उभे राहिले आहेत. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. अंदाजित खर्च ७६ हजार कोटींच्या वर आहे. या बंदराला मच्छीमार बांधवांचा आणि स्थानिकांचा तीव्र विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न पोटापाण्याचे आहेत. बंदर असावे की नसावे, हा वाद या लेखाचा विषय नाही. पण कोणताही प्रकल्प आला की ‘स्थानिकांना रोजगार’ हे आश्वासन मिळते, आणि पुढे स्थानिकांच्या वाट्याला वॉचमनकी व मातीकाम येते, हा अनुभव जुना आहे. क्रेन चालवणारा, वेल्डर, सर्व्हेअर, क्वालिटी तपासणारा बाहेरून येतो. “तुमच्या पोरांना येत नाही,” असे तोंडावर सांगितले जाते. हे उत्तर खोटे ठरवायचे असेल, तर ‘येतं’ हे दाखवणारा पुरावा मुलाच्या हातात पाहिजे. केलेल्या कामांची वही, फोटो, मोजमापे आणि शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र.

शिकाऊ उमेदवारीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. आपल्या भागात काम करणाऱ्या कंपनीला ग्रामपंचायतीने याबद्दल लेखी विचारायला हरकत नाही.

भाषेचा काटा

अडचणी आहेत, त्या झाकून चालणार नाही. पहिली अडचण भाषेची. घरी वारली, शाळेत मराठी आणि डिप्लोमाला गेल्यावर एकदम इंग्रजी. मुलाला पंप खोलता येतो, पण पेपरात इंग्रजीत लिहिता येत नाही. मग तो नापास होतो आणि विहिरीवर परत येतो. डिप्लोमासाठी मराठी-इंग्रजी मिळून शिकण्याची सोय अलीकडच्या वर्षांत खुली झाली आहे. ती आपल्या संस्थेत आहे का, हे प्रवेशाआधी विचारावे. इंग्रजी शब्द टाळायचे नाहीत. कामाच्या ठिकाणी तेच लागतात. पण समज मराठीत पक्की होऊ द्यावी.

दुसरी अडचण दारिद्र्याची. भातलावणीला आणि कापणीला मूल घरी थांबते आणि नेमकी तेव्हाची प्रात्यक्षिके बुडतात. पुस्तक नंतर वाचता येते, प्रात्यक्षिक नंतर मिळत नाही. पालकांनी निदान प्रात्यक्षिकाचे दिवस तरी मोडू नयेत, ही कळकळीची विनंती. संस्थेनेही लावणीच्या आठवड्यात बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा घेण्याची तजवीज करावी.

गावाने काय करावे?

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा कायद्याखाली येतात. ग्रामसभेचा शब्द इथे वजनदार आहे. तो फक्त रेती आणि जमीन यांसाठीच का वापरावा? पुढील गोष्टी कोणत्याही नव्या निधीशिवाय करता येतील.

एक. प्रवेश घेतानाच पालकांनी संस्थेकडून त्या ट्रेडची किंवा शाखेची निष्पत्तीची यादी मागावी. इंग्रजी कळत नसेल तर गुरुजींकडून समजून घ्यावी आणि घरात भिंतीला लावावी. दर सुट्टीत पोराला विचारावे, “यातलं काय काय आलं? करून दाखव.”

दोन. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना पत्र द्यावे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावाच लागतो. त्यासाठी विषय गावाने सुचवावा. गळकी पाणीयोजना, शाळेची वायरिंग, पाड्याकडचा साकव, भूकंपात तडे गेलेल्या घरांची पाहणी. विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, डहाणू आणि तलासरीला आयटीआय आहे. अंतर फार नाही.

तीन. गावात काम चालू असेल तेव्हा शिकणाऱ्या मुलांना मोजमाप करू द्यावे. समजा, १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड असा काँक्रीटचा रस्ता मंजूर आहे. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट पडायला हवे. जाडी १० सेंटिमीटरच निघाली तर ३० घनमीटरच पडले. तिसरा हिस्सा गेला कुठे? हा प्रश्न विचारायला टेप आणि साधा गुणाकार पुरतो. मुलाचे शिक्षण होते आणि गावचा रस्ताही टिकतो. काही मंडळींना हे रुचणार नाही, पण त्याला इलाज नाही.

चार. मुलींना मागे ठेवू नये. इलेक्ट्रिशियन, सर्व्हे, ड्राफ्ट्समन, तपासणी अशी कितीतरी कामे डोके आणि नेमका हात मागतात. घराघरातल्या भिंतीचे तडे बघायचे तर घरात जाऊन बाईमाणसाशी मोकळे बोलणारी मुलगी जास्त उपयोगी.

पाच. आयटीआयवाल्यांनी तिथेच थांबू नये. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि दहावीत अडकलेल्यालाही वाट बंद नाही. वेल्डरसारखा ट्रेड आठवी पासवर करता येतो.

शेवटी मास्तरांसाठीही दोन शब्द. अनेक संस्थांत यंत्रे जुनी, जागा रिकाम्या आणि एका यंत्रामागे मुले फार, अशी स्थिती असते. ती सुधारायची तर मागणी नेमकी असावी लागते. ‘आमची संस्था सुधारा’ असे निवेदन फाइलीत पडून राहते. ‘अभ्यासक्रमात अर्थिंगचा रोध मोजणे ही निष्पत्ती आहे, आमच्या संस्थेत ते यंत्र बंद आहे, मग मुलांना प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देता?’ असा ग्रामसभेचा ठराव गेला, तर त्याला उत्तर द्यावे लागते. मास्तरांच्या हातालाही त्याने बळ येते.

पिकाचा अंदाज घेताना आपण बांधावरून नुसती नजर टाकत नाही. लोंबी हातात घेऊन दाणा भरलाय का ते दाबून बघतो. पोराच्या शिक्षणाचेही तसेच करावे. या सुट्टीत त्याच्या हाती टेस्टर, टेप किंवा पाणसळ द्यावी, घरातले एक बिघडलेले काम पुढ्यात ठेवावे आणि शांतपणे बघत बसावे. जमले तर पाठ थोपटावी. नाही जमले तर त्याला रागावण्याआधी निष्पत्तीची यादी घेऊन संस्थेत जावे.